कावीळ : एक नांव, अनेक रोग

(ज्युबिली वर्षांत पॅरिश सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या स्मरणिकेसाठीं जुन्या नोंदवह्या उतरून काढण्याचें काम चिटणीसांनीं आमच्यावर सोंपविलें, तेव्हां तें आठ-दहा दिवसांचें असेल असें आम्हांस वाटलें होतें. प्रत्यक्षांत त्यांत एक सबंध पावसाळा गेला. बाप्तिस्म्याच्या वह्या वाचतांना मन प्रसन्न होई, लग्नांच्या वह्या वाचतांना जुनीं नातींगोतीं उलगडत. परंतु दफनाच्या वहींत मरणाच्या कारणाचा जो रकाना असे, त्यापाशीं आमचें बोट पुनःपुन्हां अडखळूं लागलें. देवी, प्लेग, पटकी हीं नांवें हळूहळू मागें पडत गेलेलीं दिसलीं. एक नांव मात्र पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत आमच्या सोबत आलें. तें नांव म्हणजे कावीळ. एका पानावर तर एकाच पावसाळ्यांत दोन गर्भार स्त्रियांच्या नांवांपुढें तो शब्द लिहिलेला आहे. आणि मूल आईबरोबरच पुरलें, असें शेजारीं बारीक अक्षरांत नमूद केलेलें आहे.

शेवटच्या वहींतील एक नोंद उतरतांना आमचा हात कांहीं वेळ थांबला. ती आमच्या थोरल्या बंधूंची. तेथें "यकृताचा विकार" एवढेंच लिहिलें आहे. तो विकार कोणता, तो त्यांच्या देहांत केव्हां शिरला, आणि तो वेळींच ओळखतां आला असता किंवा कसें, हें त्या रकान्यांत मावणारें नव्हतें. तें आज येथें सांगावें असें मनांत आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. औषधांच्या दुकानांत बाकामागें उभें राहून आम्हीं चाळीस वर्षें काढलीं. जाणत्या डॉक्टरांकडून जें समजून घेतलें आणि घरांत जें भोगलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवीत आहों.

बंधू अकरा वर्षांचे आणि आम्ही आठ वर्षांचे असतांना एका ऑगस्ट महिन्यांत आम्हां दोघांसहि कावीळ झाली. तेव्हां घराच्या पाठीमागें वाडी, वाडीच्या टोकास बावखल आणि मध्यें विहीर, अशी आपल्या वसईकडील बहुतेक घरांची ठेवण असे. विहिरीचें पाणी फडक्यानें गाळून पीत. उकळून पिणें हें आजाऱ्याचें काम समजलें जाई. प्रथम ताप आला, मग अन्नाचा वासहि नकोसा झाला, लघवी गडद पिवळी होऊं लागली, आणि चौथ्या-पांचव्या दिवशीं मातोश्रींनीं खिडकीपाशीं नेऊन आमच्या पापण्या उलटून पाहिल्या. डोळे हळदीसारखे झाले होते. शेजारच्या गांवीं काविळीवर माळ देणारे एक गृहस्थ असत. त्यांनीं कसल्याशा झाडाच्या काड्यांची लहानशी माळ आमच्या डोक्यांवर मुकुटासारखी बसविली. दिवसेंदिवस ती लांबत गेली. गळ्यांत आली, छातीवर आली, शेवटीं कमरेखालीं उतरली. माळेबरोबर कावीळ उतरते असें सांगत, आणि खरोखरच तीन आठवड्यांत आम्ही दोघेही बरे होऊन बावखलांत पोहावयास गेलों. मातोश्रींनीं त्या गृहस्थांस एक नारळ दिला. त्यांनीं पैसा मागितला नाहीं, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. त्यांचा स्वतःचा त्या माळेवर पूर्ण विश्वास होता.

पुढें दुकानांत असतांना कुतूहल म्हणून आम्हीं तशी एक माळ मिळवून खुंटीस टांगून ठेविली. खुंटीस कावीळ झालेली नव्हती. तरी माळ लांबली. ओल्या काडीचे तुकडे दोऱ्याच्या सैल गांठींत गुंफलेले असतात. काडी सुकून बारीक होते, गांठ सरकते आणि दोरा मोकळा होतो. चुन्याच्या पाण्यांत हात धुववून पिवळें पाणी काढून दाखविण्याचा जो प्रकार आहे, तोहि असाच. हातांवर आधीं चोळलेल्या झाडपाल्याच्या रसाचा चुन्याशीं संयोग होऊन रंग येतो, आणि तो ठणठणीत माणसाच्या हातांनींहि येतो.

मग आम्ही बरे झालों तें कशानें, असा प्रश्न साहजिक येतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं कावीळ म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. रक्तांतील जुन्या तांबड्या पेशी नित्य मोडत असतात व त्यांतून एक पिवळें द्रव्य निघतें. त्यास बिलिरुबिन म्हणतात. यकृत तें गाळून पित्तावाटे आंतड्यांत टाकतें. यकृत बिघडलें, किंवा पित्ताची वाट खड्यानें वा गांठीनें अडली, किंवा रक्तच वाजवीपेक्षां जास्त मोडूं लागलें, कीं तें द्रव्य अंगांत सांचून डोळे पिवळे दिसतात. तेव्हां कावीळ हें रोगाचें नांव नसून खुणेचें नांव आहे. घरांतून धूर निघतांना दिसला म्हणून चूल पेटली कीं घर पेटलें हें जसें दुरून कळत नाहीं, तसेंच हें. पावसाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून चालणाऱ्यास होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येंहि कावीळ दिसते, मलेरियांत दिसते, दारूनें नासलेल्या यकृतांतहि दिसते. आपल्या सणासमारंभांत पेला फिरतो, म्हणून हें शेवटचें मुद्दाम सांगितलें.

यकृताच्या दाहास वैद्यकांत हिपॅटायटिस म्हणतात. तो करणारे मुख्य विषाणू पांच असून त्यांस ए, बी, सी, डी व ई अशीं साधीं नांवें आहेत. नांवें भावंडांसारखीं असलीं तरी त्यांचें एकमेकांशीं कांहीं नातें नाहीं. ए आणि ई हे तोंडावाटे येतात. एकाची विष्ठा दुसऱ्याच्या पाण्यांत किंवा अन्नांत गेल्यानें ते पसरतात. बी, सी आणि डी हे रक्तावाटे येतात. पहिले दोन पाहुण्यासारखे येऊन बहुधा निघून जातात. बी आणि सी हे मात्र कित्येकांच्या देहांत कुळासारखे राहतात, आणि एक दिवस घरच बळकावून बसतात.

आम्हां दोघां भावांस लहानपणीं झाली ती कावीळ, मुलांस पावसाळ्यांत एकाच वेळीं होऊन आपोआप बरी झाली त्यावरून, बहुतकरून ए ची असावी. ए ची कावीळ मुलांत बहुधा सौम्य असते आणि ती जुनाट होत नाहीं. निसर्ग बरें करतो व माळ श्रेय घेते. माळेची एवढी कीर्ति कां झाली, याचें सारें रहस्य यांतच आहे.

परंतु पाण्याची कावीळ म्हणजे किरकोळ, असें मात्र कोणीं समजूं नये. 1955 च्या डिसेंबरांत व 1956 च्या जानेवारींत दिल्लींत जी सांथ आली, तींत सुमारें 29,300 माणसांस कावीळ झाली. शहरास पाणी पुरविणारे यमुनेवरील पंप जेथें होते, तेथें नाल्याचें मैलापाणी शिरलें होतें. पाणीखात्यानें क्लोरिनचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वर किंवा अतिसार वाढला नाहीं, कारण त्यांचे जंतू क्लोरिनपुढें टिकत नाहींत. काविळीचा विषाणू मात्र तेवढ्यानें मेला नाहीं. त्या काळीं ही सांथ ए ची समजली गेली. जपून ठेविलेल्या रक्ताची परीक्षा पुष्कळ वर्षांनीं झाली, तेव्हां तो ई निघाला. आपल्याच महाराष्ट्रांत, 2012 सालीं, पंचगंगेच्या कांठच्या इचलकरंजींत ई ची मोठी सांथ येऊन गेली.

ई चा एक विशेष असा आहे कीं, तो गर्भार स्त्रीस वैऱ्यासारखा गांठतो. इतर माणसांत त्यानें मृत्यू क्वचित् येतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर शंभरांत वीस-पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावूं शकतात. वहींतील त्या दोघी स्त्रियांस कोणता विषाणू लागला होता हें आतां कोणास सांगतां येणार नाहीं. पण पावसाळा, गर्भारपण आणि कावीळ हीं तिन्ही एकाच ओळींत आलेलीं पाहून आमच्या मनांत जें आलें, तें आपल्याहि मनांत आलेंच असेल. तेव्हां गर्भार सुनेचे किंवा लेकीचे डोळे पिवळे दिसले, तर माळ, मंत्र, काढा यांत एक दिवसहि न दवडितां तिला रुग्णालयांत न्यावें. इतर कोणीहि रोगी असंबद्ध बोलूं लागला, दिवसा झोंपून रात्रीं जागूं लागला, पोटांत पाणी ठरेनासें झालें, किंवा हिरड्यांतून वा नाकांतून रक्त येऊं लागलें, तर त्यासहि हाच नियम.

पूर्वीं विहिरीजवळ गुरें बांधीत नसत. आज बावखलें बुजविलीं गेलीं, वाड्यांत इमारती उठल्या, आणि विहिरीपासून थोड्याच पावलांवर सेप्टिक टाक्या आल्या. पाणी वरून निवळ दिसतें म्हणून तें शुद्ध असतें असें नव्हे. तें चांगलें खळखळून एक मिनिट उकळूं द्यावें; त्यानें हे विषाणू मरतात. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे. लग्नाच्या मंडपांत सरबतांत पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, ही चौकशी करणाऱ्या व्याह्यास कोणीं चिकित्सक म्हणूं नये. ए वर लसहि मिळते. ती घ्यावी कीं नाहीं तें डॉक्टरांस विचारावें.

पथ्याविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कावीळ झाली कीं आपल्याकडे हळद बंद, कां तर ती पिवळी. आणि रोग्यास उंसाचा रस, तोहि रस्त्यावरचा, बर्फ घातलेला! म्हणजे ज्या वाटेनें रोग आला त्याच वाटेनें औषध. वास्तविक रोग्यास भूक लागेल तसें घरचें साधें, ताजें अन्न द्यावें. वरण, भात, अंडें, मासळी, जें पोटांत राहील तें. विश्रांति द्यावी. दारू पूर्ण वर्ज्य. तापासाठीं किंवा अंगदुखीसाठीं आपल्या मनानें गोळ्या देऊं नयेत. पॅरासिटामॉलसारखी रोजची गोळीहि जास्त झाल्यास यकृतास घातक होते. ए आणि ई यांच्या साध्या काविळीवर निराळें औषध लागत नाहीं, आणि लिव्हरच्या टॉनिकाच्या ज्या बाटल्या आम्हीं चाळीस वर्षें विकल्या, त्यांनीं कोणाची कावीळ लवकर गेली असेल असें आतां आम्हांस वाटत नाहीं. हें विधान आमच्या धंद्यास शोभणारें नाहीं, पण तें खरें आहे.

आतां रक्तावाटे येणाऱ्या रोगाकडे वळूं. कावीळ रक्तावाटेहि येते हें प्रथम ध्यानांत आलें तें जर्मनींतील ब्रेमेन शहरीं. 1883 सालीं तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यांत 1,289 कामगारांस माणसाच्या फोडांतून घेतलेल्या लशीनें देवी टोचल्या. पुढील कांहीं महिन्यांत त्यांपैकीं 191 जणांस कावीळ झाली. ज्यांस दुसरी लस टोचली होती, किंवा मुळींच टोचली नव्हती, ते मोकळे राहिले. पाणी सर्वांचें एकच होतें. फरक फक्त टोचणीच्या लशीचा होता. तो विषाणू सांपडण्यास मात्र आणखी ऐंशीं वर्षें लागलीं. डॉक्टर बरूक ब्लमबर्ग यांस एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तांत एक अनोळखी द्रव्य आढळलें, आणि 1960 नंतरच्या त्या दशकांतच तें बी च्या विषाणूचें कवच असल्याचें ठरलें. त्यांस 1976 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. 28 जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

आमचे बंधू बावन्न वर्षांचे झाले, तेव्हां त्यांस थकवा वाटूं लागला. वाडींतून घरीं येतांना ते मध्येंच बांधावर बसत. मग पाय सुजले, पोट वाढलें, आणि डोळ्यांत थोडीशी पिवळी झांक आली. घरांत सर्वांचें एकमत झालें कीं लहानपणची कावीळ उलटली. पुन्हां त्याच गांवीं गेलें पाहिजे असें ठरलें. जुने गृहस्थ वारले होते. त्यांच्या मुलानें माळ दिली. ती माळ याहि वेळीं नियमानें लांबली. आम्ही दुकानांतून दरमहा टॉनिकाच्या दोन बाटल्या नेऊन देत होतों, तेहि भावाची सेवा करीत आहों या समाधानांत. आठ महिने असे गेले. शेवटीं मुंबईच्या एका रुग्णालयांत नेलें, तेव्हां रक्तांत बी चा विषाणू निघाला; यकृत दगडासारखें झालेलें होतें, आणि त्यांत कर्करोगाची गांठ धरलेली होती. सात आठवड्यांनीं आम्हीं त्यांस आपल्या सिमेटरींत पोहोंचविलें.

डॉक्टरांनीं तेव्हांच बजावलें होतें कीं घरांतील सर्वांचें रक्त तपासून घ्या. आम्हीं तें केलें नाहीं. कांहीं दुःखानें, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं लाजेनें. लोक काय म्हणतील, मुलांचीं लग्नें कशीं जमतील, हा विचार आड आला. तीन वर्षें गेलीं. बंधूंचा मुलगा आखातांत नोकरीस निघाला. सर्व कागदपत्र तयार झाले, आणि वैद्यकीय तपासणींत तो "अनफिट" ठरला. त्याच्या रक्तांत तोच विषाणू होता. मग मात्र आम्ही सर्व जण एका सकाळीं रांगेनें रक्त देऊन आलों. धाकट्या बहिणीच्या रक्तांत विषाणू निघाला. आमच्या रक्तांत तो येऊन गेल्याची खूण होती, विषाणू नव्हता. वहिनी मोकळ्या निघाल्या. आणि ऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री, ज्यांस उभ्या आयुष्यांत एक दिवसहि कावीळ झाली नव्हती, त्यांच्या रक्तांत तो होता. बंधूंस तो अकराव्या वर्षीं लागलेला नव्हता. डॉक्टरांच्या मतें तो बहुधा त्यांच्या जन्माबरोबरच आला होता. मातोश्रींस आम्हीं हें सांगितलें नाहीं. आजहि तें बरोबर केलें कीं चूक, याचा आमच्यानें निवाडा होत नाहीं.

या रोगाची खरी मेख येथेंच आहे. मोठ्या वयांत बी चा विषाणू शिरला, तर शंभरांपैकीं पांचाहूनहि कमी माणसांत तो कायमचा राहतो. बाकीच्यांचा देह त्यास हुसकून लावतो. परंतु जन्मतांना किंवा तान्हेपणीं तो शिरला, तर शंभरांत सुमारें पंचाण्णव मुलांत तो राहतो. मूल गुटगुटीत असतें, शाळेंत जातें, लग्न करतें. कावीळ दिसतच नाहीं. तीस-चाळीस वर्षें आंतल्या आंत यकृत कठीण होत जातें. म्हणून ज्यांस कधीं कावीळ झाली नाहीं त्यांनीं निश्चिंत राहावें, ही समजूत आपल्या घरांत पार खोटी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें 2022 सालीं जगांत बी असलेलीं माणसें 25 कोटी 40 लाख आणि सी असलेलीं 5 कोटी होतीं. एकट्या भारतांत बी चीं 2 कोटी 98 लाख व सी चीं 55 लाख. यांपैकीं बहुसंख्यांस आपल्या रोगाचा पत्ता नाहीं. डी हा विषाणू तर परोपजीवी. बी नसेल त्यास तो होत नाहीं.

आईकडून मुलास, न उकळलेल्या वा दुसऱ्यास वापरलेल्या सुईनें, न तपासलेल्या रक्तानें, एकाच वस्तऱ्यानें वा दांतांच्या ब्रशानें, गोंदणाऱ्याच्या व कान टोंचणाऱ्याच्या सुईनें, आणि स्त्रीपुरुषसंबंधानें बी पसरतो. वाळलेल्या रक्ताच्या डागांत तो निदान सात दिवस जिवंत राहतो. 2009 सालीं गुजरातेंतील मोडासा गांवीं वापरलेल्या सुया व पिचकाऱ्या पुन्हां वापरल्यानें बी ची सांथ येऊन पुष्कळ माणसें दगावलीं. म्हणून डॉक्टर कितीहि ओळखीचे असोत, नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत फोडण्यास सांगावें. जेथें गोळीनें काम होतें तेथें इंजेक्शनाचा हट्टहि धरूं नये. आपल्या लोकांत हा हट्ट फार आहे, तो आम्हीं दुकानांत रोज पाहिला.

उलट, एका ताटांत जेवल्यानें, एका पेल्यानें पाणी प्याल्यानें, शिंकल्या-खोंकल्यानें, मिठी मारल्यानें वा एका बाकावर बसल्यानें बी किंवा सी लागत नाहीं. पुतण्याची बातमी फुटल्यावर एका घरीं त्यास चहा कागदी पेल्यांत देण्यांत आला, बाकीच्यांस कपबशींत. तो मुकाट्यानें प्याला. तें घर आमच्या नात्यांतलेंच होतें, आणि आज या सभेंत तेथील मंडळी असतील तर त्यांनीं राग मानूं नये. त्यांस ठाऊक नव्हतें, आम्हांसहि तोंवर ठाऊक नव्हतें.

बी वर लस आहे, आणि ती फार चांगली आहे. पहिली लस 1981 सालीं निघाली, ती रोगवाहकांच्याच रक्तापासून बनविलेली; 1986 पासून यीस्टच्या पेशींकडून बनविलेली आली. आपल्याकडे ती इतकी महाग होती कीं दुकानांत मागणीच नसे. 1997 सालीं हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें देशी लस काढली आणि किंमत झपाट्यानें उतरली. तैवान बेटावर 1984 पासून नवजात मुलांस ही लस देण्यास आरंभ झाला. तेथील मुलांत यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण त्यानंतर ठळकपणें घटलें. कर्करोग टाळणारी पहिली लस म्हणून हिचें नांव घेतात तें याचमुळें. भारतांत ती आतां सर्व बाळांस सरकारी लसीकरणांत विनामूल्य मिळते: एक जन्मतांच, आणि पुढें सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत दुसऱ्या लशींबरोबर.

यांतील जन्मतांच द्यावयाची जी आहे, ती चोवीस तासांच्या आंत दिली गेली पाहिजे. उशीर झाला तर विषाणू पुढें आणि लस मागें, अशी शर्यत होते. आपल्या घरीं बाळ झालें कीं पेढे, निरोप, बाप्तिस्म्याचा दिवस, नांव कोणतें ठेवावयाचें, धर्मपिता-धर्ममाता कोण, या सर्वांची चर्चा पहिल्या संध्याकाळींच होते. त्याच संध्याकाळीं आजीनें किंवा आत्यानें नर्सबाईस विचारावें: बी ची लस टोचली काय? आईच्या रक्तांत बी असल्याचें आधीं ठाऊक असेल, तर बाळास लशीबरोबर बारा तासांच्या आंत इम्युनोग्लोब्युलिनचें दुसरें इंजेक्शनहि देतात, आणि विषाणूचें प्रमाण फार असलेल्या आईस गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गोळी देतात. यासाठींच प्रत्येक गर्भार स्त्रीची ही तपासणी पहिल्या महिन्यांतच झाली पाहिजे. अशी आई बाळास अंगावर पाजूं शकते. त्यास मनाई नाहीं. मोठ्या माणसांनीं लस घ्यावयाची तर आज, एका महिन्यानें व सहा महिन्यांनीं, अशा तीन वेळां.

तपासणी कशी असते हें विचारणारे पुष्कळ भेटतात. बोटाच्या किंवा शिरेच्या थोड्या रक्तावर ती होते. बी साठीं कागदावर एच-बी-एस-ए-जी असें लिहिलेलें असतें. सी साठीं प्रथम प्रतिद्रव्य पाहतात. तें आढळलें तर विषाणू अजून आहे कीं येऊन गेला तें दुसऱ्या परीक्षेनें ठरवितात. म्हणून पहिला कागद हातीं येतांच कोणीं हाय खाऊं नये. ज्यांच्या घरांत कोणास यकृताचा कर्करोग वा जलोदर झाला, ज्यांस पूर्वीं रक्त चढविलें गेलें, ज्यांनीं डायलिसिस घेतलें, जे रुग्णालयांत काम करतात, त्यांनीं तर आधीं जावें. आणि आमच्या मतें प्रत्येकानें आयुष्यांत एकदां तरी जावें. सी चा विषाणू 1989 पर्यंत कोणास सांपडलाच नव्हता. तेव्हां त्यापूर्वींचें रक्त कोणीं तपासणार कसें? 28 जुलै 2018 रोजीं केंद्र सरकारनें जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यांत बी व सी यांची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रांवर विनामूल्य ठेविलें आहे. जिल्हा रुग्णालयांत चौकशी केल्यास केंद्राचा पत्ता मिळतो.

सी च्या बाबतींत तर वैद्यकानें अशी मजल मारली आहे कीं आम्हां जुन्या औषधवाल्यांस तें खरेंच वाटेना. पूर्वीं वर्षभर इंजेक्शनें घेऊनहि निम्मे रोगी तसेच राहत. आतां सोफोसबुविर व डाक्लाटासविर यांसारख्या गोळ्या बहुधा बारा आठवडे घेतल्या कीं शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. ज्यांच्या शोधांमुळें हें शक्य झालें त्या तिघांस, हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांस, 2020 चें नोबेल मिळालें. बी अद्याप असा समूळ जात नाहीं. त्यास टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्यांनीं दाबून ठेवतां येतें, रोज एक गोळी, पुष्कळदां जन्मभर. प्रत्येक बी वाल्यास गोळी लागतेच असें नाहीं. कोणास लागते तें रक्तांतील विषाणूचें प्रमाण व यकृताची स्थिति पाहून डॉक्टर ठरवितात. पण गोळी लागो वा न लागो, दर सहा महिन्यांनीं तपासणी चुकवूं नये, आणि सुरू केलेली गोळी बरें वाटतें म्हणून आपल्या मनानें कधींच बंद करूं नये. तसें केलेल्यांचें यकृत एकाएकीं पेटल्याचीं उदाहरणें डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलीं आहेत.

पुतण्याची आखाताची नोकरी गेली ती गेलीच. तो येथेंच वाडी पाहतो, गोळी घेतो, आणि बांधावर बसत नाहीं. धाकट्या बहिणीस अद्याप गोळीची गरज पडलेली नाहीं. ती वर्षांतून दोनदां तपासून येते. पुतण्याचें लग्न ठरत होतें तेव्हां त्यानें मुलीच्या वडिलांस सारें आधींच सांगितलें. आम्हांस वाटलें, संबंध मोडला. चार दिवसांनीं ते गृहस्थ आले आणि म्हणाले, "आम्हीं डॉक्टरांस विचारलें. मुलगी लस घेईल. तिसरें इंजेक्शन झाल्यावर लग्नाची तारीख धरूं." तशीच ती धरली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं त्यांस मुलगी झाली. प्रसूतिगृहाच्या दारांत त्या रात्रीं आम्ही घड्याळ हातांत घेऊन बसलों होतों, आणि नर्सबाईंस आम्हीं इतक्यांदा विचारलें कीं त्या शेवटीं हंसल्या. सहाव्या तासांत लस टोचून झाली. पोर एक वर्षाची झाल्यावर तिचें रक्त तपासलें. विषाणू नव्हता, लशीनें दिलेलें संरक्षण होतें. तो कागद वहिनींनीं बंधूंच्या तसबिरीमागें खोंचून ठेविला आहे.